पश्चिमेकडची ऊब

त्या वर्षी अमरावतीच्या एका कॉलेजच्या गच्चीवर दोन भोंगे बसले आणि गावाला उन्हाळाभर पुरेल इतका विषय मिळाला. भोंगे जस्ताच्या पत्र्याचे, तोंडाला रुंद आणि मागे निमुळते. एकाचं तोंड पूर्वेकडच्या आभाळाकडे, दुसऱ्याचं पश्चिमेकडच्या. पत्रेवाल्यानं धान्याच्या कोठ्या करता करता मधल्या वेळात ते ठोकून दिले होते. रस्त्यानं जाणारा मान वर करून विचारायचा, "काहून बापा, लगन कोनाचं आहे?" आणि कॉलेजातले मास्तर आपसात म्हणायचे, "भगवंतरावांनी देवाला कान लावून दिले."

भगवंतराव पदार्थविज्ञान शिकवत. नांदगाव खंडेश्वरच्या शेतकरी घरातले, पन्नाशीला आलेले, धोतर सोडून पँट घालायला लागले तरी चालणं अजून शेताच्या धुऱ्यावरचंच. तरुणपणी त्यांना संशोधन करायचं होतं. वडील गेले, शेती अंगावर आली, आणि मग वर्षानुवर्षं तेच प्रयोग नव्या पोरांकडून करून घेण्यात गेली. मनातली आग मात्र विझली नव्हती. परदेशातून येणारी मासिकं ते नागपूरहून मागवत आणि वाचून झाली की उशाशी ठेवत.

दोन-तीन वर्षांमागे त्या मासिकांत एक अजब गोष्ट आली होती. आभाळाच्या सगळ्या बाजूंनी एक बारीक खरखर येते. रेडिओवर दोन स्टेशनांच्या मधे ऐकू येते तशी. ती कुठल्या ताऱ्याची नाही, सूर्याची नाही. विश्व जन्मलं तेव्हाच्या उष्णतेची ती उरलेली ऊब आहे, चुलीतला विस्तव गेल्यावरही राखेत राहते तशी. भगवंतरावांना याच्या पुढचं हवं होतं.

वच्छला त्यांच्या हाताखाली नव्यानं लागली, तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांनी तिला विचारलं, "भाकरी थापता येते ना तुला?"

"येते, सर."

"थापताना हात थरथरला तर काय होते?"

"कोठं जाड, कोठं पातळ होते."

"आणि भाजल्यावर?"

"डाग दिसतात. पातळ तिथं करपते."

"बस्स!" त्यांनी टेबलावर थाप मारली. "जन्माच्या वेळी हे सगळं अवकाशच थरथरलं असलं, गुरुत्वाकर्षणाच्या लाटा उठल्या असल्या, तर ही ऊब सगळीकडे सारखी असणार नाही. एका बाजूला तिळभर जास्त, दुसऱ्या बाजूला तिळभर कमी. हात आपल्याला दिसणार नाही, वच्छला. पण भाकरीवरचा डाग दिसेल."

त्या डागासाठी दोन भोंगे. एक यंत्र दोन्हीकडची ऊब आळीपाळीनं चाखायचं आणि पेन कागदावर फक्त त्यांच्यातला फरक ओढत राहायचं. यंत्राचे बरेच भाग लढाईतल्या जुन्या रडारचे, मुंबईच्या भंगारातून आणलेले. जोडणी वच्छलाची. तिची बोटं बारीक होती आणि डोकं शांत.

वच्छला अकोल्याच्या जुन्या शहरातली, मोर्णा नदीच्या पलीकडची. बाप देवराव रेल्वेत फाटकवाला. छप्पन साली नागपूरला दीक्षा घेऊन आई-बाप परत आले, तेव्हा ती शाळकरी पोर होती. बापानं घरी आल्याबरोबर कोनाड्यातले देव मोर्णेत सोडले आणि पोरीला सांगितलं, "आता तू शिक, थांबू नको." ती थांबली नाही. नागपूरला एम.एस्सी. झाली आणि अमरावतीला प्रयोगशाळेत लागली. नेमणूक हंगामी होती. तीही भगवंतराव प्राचार्यांच्या खोलीत जाऊन आवाज चढवून बोलले म्हणून मिळालेली. हे वच्छला कधी विसरली नाही.

वऱ्हाडातला उन्हाळा ज्यांनी काढला त्यांना सांगायला नको. होळी झाली की पश्चिमेकडून झळा सुरू होतात. तेव्हा घरोघरी, कचेऱ्यांत, शाळांत, पश्चिमेच्या खिडकीला वाळ्याच्या ताट्या बांधत. ताटीवर पाणी मारायचं, तिच्यातून वारा गार होऊन यायचा आणि खोलीभर वाळ्याचा वास पसरायचा. आता आठवलं तरी नाक ओलं होतं. ताटी कोणी मुद्दाम बांधत नसे. जशी अंगणात तुळस, तशी उन्हाळ्यात ताटी.

गच्चीवरच्या पत्र्याच्या खोपट्यात यंत्र तापायला लागलं आणि पेन वेड्यासारखं धावायला लागलं. भगवंतरावांनी पश्चिमेच्या बाजूला ताटी बांधून घेतली. यंत्र निवलं, पेन सरळ चालू लागलं. खरी मोजणी तेव्हापासूनची.

ताटी भिजवायचं काम पुंजारामचं. पुंजाराम जुना शिपाई, मिशा पांढऱ्या, गुडघे दुखरे. जिन्याच्या वरच्या वळणावर मोठा रांजण होता. खालच्या नळाचं पाणी तो रोज त्यात भरायचा. पिण्याचं तेच, ताटीचंही तेच. खालच्या खोल्यांच्या ताट्या तो दर घडीला भिजवायचा. गच्चीवरची मात्र गुडघ्यांमुळे दिवसातून एकदाच, दुपारची भाकर खाऊन झाली की.

वच्छलाला तहान लागली तर पुंजाराम तिच्या स्वतःच्या पेल्यात वरून धार धरायचा. हसून, गोड बोलून. "घ्या बाई, लय ऊन आहे." तिनं रांजणाला हात लावू नये असं तिला कोणी सांगितलं नव्हतं. सांगावं लागलं नव्हतं. तिच्या हाताखाली त्या गच्चीवरची प्रत्येक तार होती, प्रत्येक स्क्रू होता. पाणी नव्हतं. भगवंतरावांना हे दिसत होतं की नाही, कोण जाणे. त्यांच्यापुढे पाणी आयुष्यभर आपोआप येत आलेलं होतं.

चैत्राच्या मध्याला कागदावर डाग दिसला. दुपार कलताना पश्चिमेची रेघ हळूच वर चढायची, उंचवटा करायची आणि संध्याकाळपर्यंत उतरायची. दुसऱ्या दिवशी तसंच, तिसऱ्या दिवशीही. भगवंतराव कागद डोळ्यांजवळ नेऊन बघत राहिले.

"हे आभाळ आहे," ते म्हणाले. "वच्छला, हे खरोखर आभाळ आहे."

आठवडाभरात त्यांनी निबंध लिहून मुंबईच्या परिषदेला पाठवला. जूनमध्ये ते तो वाचणार होते. निबंधावर दोन नावं होती. पहिलं त्यांचं, दुसरं वच्छलाचं. टंकलेली प्रत त्यांनी तिच्या हातात दिली, तेव्हा ती आपल्या नावावरून बोट फिरवत राहिली. तिच्या घराण्यात कागदावर नाव आलं होतं ते मजुरीच्या हजेरीत. हे नाव जगातली शहाणी माणसं वाचणार होती.

ती बातमी अकोल्याला पोचली. देवरावानं फाटकाशी थांबलेल्या प्रत्येक बैलगाडीवाल्याला सांगितली. "माह्या पोरीनं आभायाचा ताप मोजला!" एक गाडीवान म्हणाला, "मंग तापाची गोयी काय देते त्याले, थे पण इचार." देवराव हसला, आणि गाडी दोन मिनिटं जास्तच थांबवून ठेवली.

वच्छलाच्या मनात किंतु आला तो वैशाखात. आभाळ रोज थोडं आधी सरकतं. आज जो तारा संध्याकाळी डोक्यावर आहे, तो महिन्यानं त्याच जागी दोन तास आधी येतो. डाग आभाळाचा असेल तर त्यानंही सरकायला हवं होतं. महिना झाला. उंचवटा सकाळकडे यायला हवा होता. तो होता तिथंच होता, दुपारच्या जेवणानंतर, जणू घड्याळ बघून.

ती म्हणाली, "सर, डाग सरकत नाही."

भगवंतराव परिषदेची कार्यक्रमपत्रिका चाळत होते. "मोठा डाग आहे. त्याची कड धूसर आहे. इतक्यात कळणार नाही."

"महिना झाला, सर."

"वच्छला," ते हसले, पण हसू डोळ्यांपर्यंत गेलं नाही, "मी वीस वर्षं थांबलो. तुला महिना जड झाला?"

या माणसानं तिच्यासाठी आवाज चढवला होता. त्याच्यापुढे तिला आवाज काढता येईना.

मग एका शुक्रवारी गावाचा नळ आलाच नाही. रांजणाच्या तळाशी पिण्यापुरतं पाणी उरलं. पुंजारामनं वर येऊन ताटीकडे पाहिलं आणि हात झटकले. "आज ताटी उपाशी, बाई. मानसाले पुरत नाई त वाळ्याले कोठून देऊ?"

यंत्र तापत होतं तरी वच्छला पेनाकडे बघत बसली. दुपार कलली. रेघ तापानं थरथरत राहिली, पण उंचवटा आला नाही. संध्याकाळ झाली तरी आला नाही. तिनं सरांना सांगितलं. ते म्हणाले, "यंत्र गरम झालं. त्या कागदाला अर्थ नाही." आणि कागद गुंडाळून बाजूला ठेवला.

पण वच्छलाला अर्थ कळला होता. कोरडी ताटी म्हणजे भोंग्याच्या लेखी नसल्यासारखीच. आतून वारा जातो, तशा आभाळातल्या उबेच्या लहरीही जातात. ओली झाली की ती भिंत होते आणि स्वतःची ऊब सोडते. माणसाला गार लागते ती ताटी थंडगार आभाळापुढे जळता निखारा आहे. ती बांधली होती पश्चिमेच्या भोंग्याच्या पुढ्यातच, आणि त्याची खालची कड ताटीकडे बघत होती. विश्वाच्या जन्माची थरथर म्हणून सर ज्याला कवटाळून बसले, ते रांजणातलं पाणी होतं.

खात्री करायची तर एकच गोष्ट करायला हवी होती. ताटी भलत्या वेळी भिजवून बघायची. बादली बुडवायची आणि ओतायची.

ती रविवारी एस.टी.नं अकोल्याला गेली. आई, चतुराबाई, तिच्यासाठी गोवऱ्यांवर रोडगे भाजायच्या तयारीत. शेजारच्या बाया दारात. "आली का व आभायवाली!" एकीनं तिची नजर काढली.

बाप कामावर निघायच्या आधी ती त्याच्याजवळ बसली. "बाबा, थे चुकीचं निघालं त?"

"काय?"

"आमी जे मोजलं थे. आभाय नसन थे. ताटीचं पाणी असन."

देवरावाचा चेहरा उतरला. त्यानं लपवलंही नाही. "मी त साऱ्याइले सांगून बसलो, वच्छे." मग थोड्या वेळानं म्हणाला, "पक्कं आहे?"

"पाणी टाकून पाह्यलं की पक्कं होईन."

"मंग टाक."

"पाणी पुंजाराम टाकते."

"अन् तू?"

"मी नाई लावत हात."

देवरावानं वर पाहिलं. "कोनी म्हटलं?"

"कोनीच नाई."

"कोनी म्हटलं नाई. तरी लावत नाई." त्यानं तिचंच वाक्य फिरवून फिरवून पाहिलं, जणू दुसऱ्या कोणाचं सामान चुकून आपल्या घरी आलं आहे. लाल-हिरवी झेंडी काखेत मारली आणि ड्यूटीवर निघून गेला. आई म्हणाली, "कायले सांगतलं त्याले? इतके दिवस किती खुशीत होता."

सोमवारी वच्छला कॉलेज उघडायच्या वेळेलाच गच्चीवर चढली. उन्हाळ्याची सुट्टी होती, वर कोणी नव्हतं. नळ आला होता आणि रांजण काठोकाठ भरलेला. ती वळणावर थांबली. झाकण काढताना तिचा हात जड झाला, आणि त्या जडपणाची तिलाच चीड आली. तिनं बादली बुडवली. ताटीवर पाणी मारलं. पुन्हा आली, पुन्हा बुडवली.

"बाई!" खालून वर येणारा पुंजाराम पायरीवरच थिजला. "थे काय करून राह्यल्या तुमी?"

"ताटी भिजवून राह्यली, भाऊ."

"मी होतो ना. मले सांगाचं."

"तुमी दुपारी भिजवता. मले आता पाह्यजे होती."

"थो रांजण साऱ्याइचा आहे, वो."

"मंग मी कोनाची आहे?"

पुंजारामनं डोक्यावरची टोपी काढून परत घातली. "माह्यं काई नाई, बाई. इमानानं सांगतो. पण उद्या लोक मले बोलतीन."

ती खोपट्यात जाऊन बसली. पेन सरळ चाललं होतं. थोड्या वेळानं ते वर सरकायला लागलं. तोच चढ, तोच माथा, सकाळच्या कोवळ्या उन्हात. त्या वेळी पश्चिमेला आभाळाचा भलताच भाग होता. ती बघत राहिली. खरं निघाल्याचा आनंद व्हायला हवा होता. तिनं कागदाच्या समासात वेळ लिहिली.

भगवंतराव आले, तेव्हा तिनं कागद त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो पाहिला, वेळ पाहिली.

"सकाळी ताटी कोणी भिजवली?"

"मी."

"कुठलं पाणी?"

"रांजणातलं."

त्यांनी कागद खाली ठेवला. म्हणाले, "काहून घाई केली, वच्छला? मला विचारायचं होतंस. मी पुंजारामला सांगितलं असतं."

"सर, डाग ताटीचा आहे."

"ते पाहू. मुंबईहून आल्यावर पाहू."

"मुंबईत काय सांगाल?"

"जे लिहिलं ते!" त्यांचा आवाज चढला. मग लगेच खाली आला. "तुला शंका असेल तर तुझं नाव काढून टाकतो. मीच घातलं होतं."

हा घाव तिला पुढे कित्येक वर्षं दुखला. त्या क्षणी ती एवढंच म्हणाली, "नाव काढल्यानं ताटी कोरडी होत नाही, सर." आणि जिना उतरून खाली आली.

दुपारपर्यंत रांजण पालथा पडला होता. कोणीतरी तो राखेनं आतून-बाहेरून घासला. दोन दिवस कॉलेजात तोच विषय. सुट्टीतही मास्तर गोळा झाले. भोंग्यांत काय सापडलं, काय हरवलं, हे एकानंही विचारलं नाही. कोणी म्हणालं, काळ बदलला, पण रीत म्हणून काही आहे की नाही. कोणी म्हणालं, एवढ्या वर्षांत असं झालं नव्हतं. प्राचार्यांनी भगवंतरावांना बोलावून घेतलं. बाईंची नेमणूक जूनपर्यंतच आहे, पुढचा हुकूम काढायची गरज दिसत नाही, इतकंच ते म्हणाले. भगवंतराव खुर्चीत बसून राहिले. पहिल्या खेपेला त्याच खोलीत त्यांचा आवाज बाहेरच्या व्हरांड्यात ऐकू आला होता. या खेपेला काहीच ऐकू आलं नाही. ती गेली तर डागाचं खरं जाणणारं दुसरं कोणी राहणार नव्हतं, हे त्यांच्या मनात आलं नसेल असं म्हणवत नाही.

गुरुवारी वच्छला आपली अवजारं आवरायला गच्चीवर गेली. भगवंतराव खोपट्यात आधीच बसलेले. शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत भिजलेल्या, बादली पायाशी, ताटीतून पाणी टपकत होतं. पेनानं सकाळी सातचा उंचवटा काढून ठेवला होता.

"मी ताटी पूर्ण काढूनही पाहिली, काल," ते तिच्याकडे न बघता म्हणाले. "भर दुपारी. यंत्रावर नुसता पंखा धरून बसलो. काही नाही. पूर्व पश्चिम सारखीच. आपल्या यंत्राला दिसते तिथपर्यंत कुठंही डाग नाही."

त्यांचे डोळे लाल झाले होते. झळेनं की कशानं, तिनं विचारलं नाही. तिला त्यांची दया आली, आणि ती दया तिला नको होती.

त्यांनी एक कागद पुढे केला. परिषदेला लिहिलेलं होतं. निबंध मागे घेत आहोत. दिसलेला फरक आकाशाचा नसून उपकरणाजवळच्या ओल्या वाळ्याच्या ताटीचा आहे. खाली त्यांची एकट्याची सही.

"माझं नाव?" वच्छलानं विचारलं.

"चुकीच्या कागदाखाली तुझं नाव कशाला? तुला पुढे नोकरी बघायची आहे."

"पहिल्या कागदावर दोघांचं होतं, सर. अन् ही चूक मी शोधली."

त्यांनी नकारार्थी मान हलवली. ते तिला वाचवत होते, असंच त्यांना मनापासून वाटत होतं.

"अजून एक लिहा," ती म्हणाली. "सगळं मी मोजत होती. पाणी तेवढं मोजलं नाही, कारण त्याला मी हात लावत नव्हती. तुम्ही मोजलं नाही, कारण ते तुम्हाला आणून मिळत होतं. नाही तर पहिल्याच आठवड्यात कळलं असतं."

"विज्ञानाच्या कागदात हे बसत नाही, वच्छला."

"चूक तर त्याच्यानंच झाली."

भगवंतरावांनी पेन उचललं. कागदावर धरलं. खाली जिन्यात पुंजारामची पावलं वाजली, कळशी रांजणात रिकामी झाल्याचा आवाज आला. ते थांबले. पावलं उतरून गेली तरी पेन तिथंच होतं. शेवटी त्यांनी ते टेबलावर ठेवलं.

"पाण्याचं मी प्राचार्यांशी बोलतो," ते म्हणाले.

"कधी, सर?"

त्यांनी पायाशी असलेली बादली बाजूला सरकवली.

तिनं टेबलावरचं पेन घेतलं. त्यांच्या सहीखाली जागा थोडी होती, तरी तिनं नाव आखडलं नाही. आपलं, बापाचं, आडनाव, सगळं लिहिलं. वच्छला देवराव गवई. खाली अकोला, जुने शहर. उन्हात शाई बघता बघता वाळली. मग तिनं कागद घडी करून त्यांच्यापुढे न ठेवता आपल्याच पिशवीत घातला आणि म्हणाली, "टपालात मी टाकते, सर. बसस्टँडच्या वाटेवरच पेटी आहे."